आगीपासून किती दूर?

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके एके काळी भातशेती, खारजमिनी, मिठागरे आणि गणेशमूर्ती यांसाठी ओळखले जात. गणेशमूर्तींची कीर्ती आजही टिकून आहे. पण बाकीचे चित्र पार पालटले आहे. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली, नागोठण्याला पेट्रोरसायन संकुल आले, आणि पेणवरून वडखळ नाका ओलांडून कोकणात उतरणारा महामार्ग इंधनाच्या व रसायनांच्या टँकरांचा राजमार्ग बनला. कुंडलिका, अंबा आणि भोगावती यांच्या काठी राहणाऱ्या माणसाला ज्वालाग्राही द्रवाचे सान्निध्य नित्याचे झाले आहे. हा द्रव उघड्यावर पेटला, तर त्याची धग किती अंतरावर पोहोचेल, आणि ते अंतर त्या माणसाला कोणी सांगितले आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तो विचारण्याची कारणे थोडीथोडकी नाहीत. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर डिझेलच्या टाकीवर वीज कोसळली आणि ती आग विझण्यास सुमारे तीन दिवस लागले. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या तेल व वायू प्रकल्पात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारात इंधन पेटले. त्यात चौघांनी प्राण गमावले आणि त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर टँकर उलटला, पेटलेला द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर ओघळला, आणि त्या अपघाताशी काडीचाही संबंध नसलेली खालून जाणारी माणसे भाजली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटावच्याच एका कारखान्यात मेथनॉलच्या साठवण टाकीपाशी वेल्डिंगचे काम चालू असता स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. या घटनांची कारणे निरनिराळी आहेत. पण प्रत्येक ठिकाणी कोणी तरी नको तितके जवळ होते.

होळी आणि टँकर

कोकणातल्या माणसाला आगीची ओळख होते ती शिमग्याच्या होळीपाशी. तेथे तो लहानपणीच शिकतो की, तोंडाला चटका लागू लागला म्हणजे दोन पावले मागे सरावे. लाकडाची आग हळूहळू चढते, जागेवरच राहते आणि माणसाला मागे सरायला अवसर देते. द्रव इंधनाच्या आगीत हे तिन्ही आधार निखळतात. ती क्षणार्धात सगळ्या पृष्ठभागावर पसरते, ती वाहते, आणि तिची धग जाणवेपर्यंत पुष्कळदा सुटकेची वेळ निघून गेलेली असते. होळीवर पोसलेली समजूत येथे उपयोगी पडत नाही. येथे मोजमापच लागते.

या मोजमापाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५० च्या दशकात सोव्हिएत रशियात ब्लिनोव्ह आणि खुद्याकोव्ह या दोघा संशोधकांनी अगदी काही मिलिमीटर व्यासाच्या नळीपासून सुमारे २३ मीटर व्यासाच्या कुंडापर्यंत इंधने पेटवून ती किती वेगाने जळतात हे नोंदविले. अमेरिकेतील हॉटेल या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्या आकड्यांचा अर्थ उलगडून दाखविला. कुंड लहान असताना त्याच्या तापलेल्या काठाकडून इंधनाला उष्णता मिळते. पण कुंडाचा व्यास एक मीटरच्या पुढे गेला की, ज्वाळेचे प्रारण, म्हणजे तिच्यातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता, हीच इंधनाची वाफ करू लागते. म्हणजे अशी आग स्वतःचे इंधन स्वतःच शिजवून घेते. पुढे १९८१ मध्ये जपानमध्ये ५० मीटर व्यासाच्या कुंडात रॉकेल पेटवून प्रयोग झाले. प्रयोगशाळेच्या छताखाली न मावणाऱ्या आगी अशा रीतीने उघड्यावर अभ्यासल्या गेल्या.

उघड्यावरची आग मोजणे हे बंद जागेतील आग मोजण्यापेक्षा अवघड होय. बंद जागेत धूर एका धुराड्याखाली गोळा करता येतो आणि त्यातील प्राणवायू किती घटला यावरून उष्णतेचा हिशेब मांडता येतो. कारण नेहमीच्या बहुतेक इंधनांच्या बाबतीत दर किलोग्रॅम प्राणवायू खर्ची पडला की सुमारे १३.१ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. मैदानात धूर कोण गोळा करणार? म्हणून तेथे कुंड वजनकाट्यावर ठेवून किंवा इंधनाची पातळी पाहून ते दर सेकंदाला किती घटते हे मोजतात. ज्वाळेत तापयुग्मांच्या तारा रोवतात. आणि निरनिराळ्या अंतरांवर प्रारणमापक उभारतात. रॉबर्ट गार्डन याने १९५३ मध्ये वर्णिलेला प्रारणमापक म्हणजे तांब्याच्या थंड राखलेल्या ठोकळ्यावर ताणलेली धातूची पातळ चकती होय. आगीची किरणे पडली की चकतीचा मध्य आणि कड यांच्या तापमानांत फरक पडतो, आणि त्या फरकातून उपजणारा सूक्ष्म विद्युत्‌दाब आगीची धग सांगतो.

एका टँकरचा हिशेब

या मोजमापांतून जे नियम हाती आले, ते शाळेतील गणिताच्या आवाक्यात बसणारे आहेत. मोठ्या कुंडातील पेट्रोल दर चौरस मीटरमागे दर सेकंदाला सुमारे ५५ ग्रॅम जळते; म्हणजे त्याची पातळी मिनिटाला सुमारे साडेचार मिलिमीटर खाली जाते. एक किलोग्रॅम पेट्रोल जळाले की जवळजवळ ४४ मेगाज्यूल उष्णता सुटते. आता अशी कल्पना करावी की, महामार्गाच्या कडेला १२ हजार लिटरचा टँकर कलंडला आणि त्यातील पेट्रोल दहा मीटर व्यासाच्या एका खळग्यात साचून पेटले. त्या आगीतून सुमारे १९० मेगावॉट इतकी उष्णता बाहेर पडेल, वारा नसल्यास ज्वाळा सुमारे २० मीटर उंच जातील, आणि सगळे इंधन जळून जायला अर्धा तासाहून थोडा अधिक वेळ लागेल.

या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वर निघून जातो. ढोबळ मानाने तीन दशांश भाग प्रारणरूपाने चोहोकडे पसरतो. तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातो, हा नियम दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला परका नाही. त्यानुसार आगीपासून १५ मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट, ३० मीटरवर ५ किलोवॉट, आणि ६० मीटरवर सव्वा किलोवॉट इतकी धग येईल. चैत्र-वैशाखातील भर दुपारचे ऊन म्हणजे साधारण एक किलोवॉट. यावरून ध्यानात येते की, ६० मीटरवर उभा असलेला माणूस उन्हात उभा राहिल्यासारखा निभावून जाईल. ३० मीटरवर उघड्या कातडीला पंधरा-वीस सेकंदांत असह्य वेदना होतील. आणि १५ मीटरवर त्याला पळण्यापुरताही अवधी मिळणार नाही. सुमारे साडेबारा किलोवॉटच्या धगीत लाकूड ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते, आणि साडेसदतीस किलोवॉटला शेजारची यंत्रसामग्री व टाक्या निकामी होऊ लागतात. वेगवेगळ्या सुरक्षितता-अहवालांत नकाशावर जी वर्तुळे काढलेली असतात, ती याच आकड्यांवरून काढलेली असतात.

हा हिशेब ढोबळ आहे, हे विसरता कामा नये. आगीच्या अगदी जवळ तो चुकतो, कारण तेथे आग हा एक बिंदू न राहता भिंत होते. वारा सुटला की ज्वाळा झुकते आणि वाऱ्याच्या दिशेला धोक्याचे अंतर वाढते. कोकणात दुपारी समुद्राकडून वारे येतात, म्हणून त्या वेळच्या आगीची धग पूर्वेच्या बाजूला अधिक लांब पोहोचणार. शिवाय फार मोठ्या आगीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. डिझेलच्या किंवा कच्च्या तेलाच्या विस्तीर्ण आगीला पुरेशी हवा मिळत नाही, काजळीचा काळा पडदा तिच्याभोवती उभा राहतो, आणि बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा वाटा तीन दशांशांवरून एक दशांशाच्याही खाली येतो. जवाहर द्वीपासारखी आग दिसायला महाभयंकर असली, तरी तिचा धूर एका अर्थाने तिची धग झाकून ठेवतो. पण हा पडदा अखंड नसतो. तो मधूनच फाटतो, आतली प्रखर ज्वाळा क्षणभर उघडी पडते, आणि धुराच्या भरवशावर पुढे गेलेला माणूस होरपळतो.

१२०३ आणि १२३०

महामार्गावरील टँकरांच्या माहितीफलकावर चार आकडी क्रमांक असतो. पेट्रोलचा क्रमांक १२०३, मेथनॉलचा १२३०. अंक तेच, केवळ शेवटच्या दोहोंची अदलाबदल. पण आग मात्र सर्वस्वी निराळी. मेथनॉल जळते ते पेट्रोलच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने, आणि त्याच्या एका किलोग्रॅममधून २० मेगाज्यूलच उष्णता सुटते. वर वर्णिलेल्या दहा मीटरच्या खळग्यात पेट्रोलऐवजी मेथनॉल असते, तर आगीचे बळ १९० मेगावॉटवरून २७ मेगावॉटच्या आसपास उतरले असते. ही आग सौम्य म्हणावी, तर तिचा धोका त्या सौम्यपणातच दडला आहे. तिच्यात काजळी जवळजवळ नसते; ज्वाळा फिकट निळी असते, आणि दिवसाउजेडी ती डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. धगही दूरवर जाणवत नाही. माणूस आगीत पाऊल टाकतो आणि मगच त्याला आग असल्याचे कळते.

मेथनॉलचा आणखी एक गुण धाटावसारख्या वसाहतीतील प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. बंद टाकीत पेट्रोल असेल, तर कोकणातील हवामानात त्याची वाफ सामान्यतः इतकी दाट असते की टाकीच्या आत ती पेट घेऊ शकत नाही. मेथनॉलची वाफ मात्र हवेत ६ पासून ३६ टक्क्यांपर्यंत असली तरी पेटते, आणि तीस अंशांच्या आसपास बंद टाकीतील तिचे प्रमाण नेमके या मर्यादांच्या मध्ये, म्हणजे वीस टक्क्यांच्या जवळपास असते. म्हणून मेथनॉलची जवळजवळ रिकामी झालेली टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षाही अधिक जपण्याची वस्तू होय. वाफ पूर्णपणे काढून टाकल्यावाचून आणि आतील हवा उपकरणाने तपासल्यावाचून तिच्यापाशी वेल्डिंगची ठिणगी नेणे म्हणजे मृत्यूला पाचारण करणे आहे.

विझवण्याच्या बाबतीतही हाच भेद आडवा येतो. पेट्रोल पाण्यावर तरंगते. त्यावर पाण्याचा नुसता मारा केला, तर आग पाण्याबरोबर गटारात आणि गटारातून नदीच्या दिशेने चालू लागते. तेथे फेसाचे आच्छादन लागते. मेथनॉल पाण्यात मिसळते; ते साधा फेस गिळून टाकते, म्हणून त्याला अल्कोहोलला टिकणारा वेगळा फेस लागतो. १२०३ आणि १२३० यांतील फरक न वाचता धावलेला बंब वेळेवर पोहोचूनही निरुपयोगी ठरू शकतो.

संगणकातील आग

प्रत्येक संभाव्य अपघातासाठी खरी आग लावून पाहणे अर्थातच अशक्य आहे. तेथे संगणकीय प्रतिरूप कामी येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००० साली आगीच्या गतीचा एक संगणकीय कार्यक्रम सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिला, आणि त्याची सुधारणा अद्याप चालू आहे. त्याची कल्पना सोपी आहे. आगीभोवतीच्या अवकाशाचे असंख्य लहान चौकोनी घरांत विभाजन करायचे. प्रत्येक घरात किती वायू आला, किती गेला, किती उष्णता उपजली आणि किती शेजारच्या घरात सरकली, याचा हिशेब सेकंदाच्या सूक्ष्म भागागणिक मांडत जायचा. यात वारा घालता येतो, टेकडीचा उतार घालता येतो, शेजारची इमारत घालता येते. वर्तुळाऐवजी खऱ्या भूप्रदेशाला साजेसा वाकडातिकडा धोक्याचा पट्टा हाती येतो.

तथापि संगणक जे सांगतो ते वेदवाक्य नव्हे. घरे मोठी धरली तर ज्वाळेची वळणे हरवतात, लहान धरली तर हिशेब दिवसेंदिवस चालतो. काजळी किती निर्माण होईल, हे अजूनही पुष्कळसे अनुभवाने ठरवावे लागते. म्हणून मैदानातील मोजमापाशी ताडून पाहिल्याखेरीज प्रतिरूपावर विसंबणे योग्य नाही. आणि ही मोजमापे प्रामुख्याने ज्या देशांत झाली, तेथे कोकणचा पाऊस नाही, सत्तर-ऐंशी टक्क्यांची आर्द्रता नाही, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये कोंडलेला वारा नाही. हवेतील बाष्प प्रारणाचा काही भाग शोषून घेते. धो धो पाऊस गळतीला नाल्यांतून कुठल्या कुठे नेतो. एक मीटर व्यासाचे कुंड, एक वजनकाटा आणि चार प्रारणमापक एवढ्या सामग्रीवर या परिस्थितीतील प्राथमिक मोजमाप होऊ शकते. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगड जिल्ह्यातच आहे. तेथील विद्यार्थ्यांनी योग्य देखरेखीखाली असे प्रयोग हाती घेतले, तर त्यांचा उपयोग साऱ्या किनारपट्टीला होईल.

कायदा काय म्हणतो?

डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर देशातील कायदे कडक झाले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी मोठ्या साठ्याच्या कारखान्यांवर आवाराच्या आतील आपत्कालीन योजनेची जबाबदारी टाकली, बाहेरची योजना जिल्ह्याच्या यंत्रणेकडे सोपविली, आणि अपघाताची झळ ज्यांना लागू शकेल अशा लोकांना धोक्याचे स्वरूप व घ्यावयाची खबरदारी आधीच कळविली पाहिजे असे स्पष्ट बंधन घातले. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट निर्माण केले. म्हणजे गावकऱ्याला माहिती देणे ही कोणाच्या मर्जीची बाब उरलेली नाही. ते कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे.

परंतु माहिती देणे आणि ती समजणे यांत फार अंतर असते. किलोवॉट प्रति चौरस मीटर असे शब्द असलेला इंग्रजी अहवाल कचेरीच्या कपाटात सुरक्षित राहतो, त्याने गाव सुरक्षित होत नाही. त्या अहवालाचे मराठी रूप असे असावे : अमुक टाकी पेटली तर शाळेने कोणत्या दरवाजाने बाहेर पडावे, कोणत्या रस्त्याने कोठे जावे, भोंगा कसा वाजेल, आणि कोणत्या पुलाच्या पलीकडे गेल्यावर थांबावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक नकाशा आणि चार ओळी पुरे आहेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशाने लोकांत घबराट पसरेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. अर्धवट माहिती घबराट पसरवते खरी. पण अंतर माहीत असलेला माणूस घाबरत नाही, तो मागे सरतो. अंतर माहीत नसलेला एक तर बेभान पळतो, नाही तर बघ्यांत सामील होतो. दुसरा आक्षेप असा की, हे हिशेब अचूक नसतात. ते अचूक नाहीतच. म्हणूनच ते देताना मर्यादेसकट द्यावेत आणि शंकेचा फायदा माणसाला द्यावा, टाकीला नव्हे. हिशेब ३० मीटर म्हणत असेल, तर गावाने ६० मीटर लक्षात ठेवावे.

कारखान्याच्या भिंतीआडची टाकी निदान एका जागी असते. टँकर आज पेणला तर उद्या रोह्याला. गणेशोत्सवात या महामार्गावर अवजड वाहनांवर निर्बंध घालतात, पण जीवनावश्यक वस्तूंची आणि इंधनाची वाहने सामान्यतः त्यातून वगळलेली असतात. आणि त्याच दिवसांत गावी निघालेल्या कुटुंबांनी रस्ता भरलेला असतो. अशा कोंडीत एखादा टँकर कलंडला, तर साठ मीटर मागे सरणे हे बोलण्याइतके सोपे राहणार नाही. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे उलटलेल्या टँकरमधले पेट्रोल भरून नेण्यासाठी आसपासचे लोक भांडी घेऊन धावले, आणि ते पेटले तेव्हा दोनशेहून अधिक जीव गेले. त्या लोकांना दारिद्र्याने ओढत नेले हे खरे. पण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या एका ठिणगीवर परत फिरते, हे त्यांना कोणी तरी आधी सांगितले असते तर कदाचित काही जण थबकले असते.

ते सांगण्याचे काम कोणी करायचे? जिल्हाधिकारी, कारखानदार आणि अग्निशमन दल यांची जबाबदारी सुटत नाही. पण पेण-रोह्याच्या परिसरात घराघरांत पोहोचणारी संस्था एकच आहे, आणि ती म्हणजे शाळा. व्यस्त वर्गाचा नियम शिकविताना गुरुजींनी दिव्याच्या प्रकाशाबरोबर टँकरच्या आगीचेही एक उदाहरण फळ्यावर सोडविले, १२०३ आणि १२३० या आकड्यांचा अर्थ मुलांना सांगितला आणि वर्षातून एकदा मैदानावर ६० मीटर पावलांनी मोजून दाखविले, तर त्यासाठी ना शासकीय आदेश लागतो, ना अनुदान. त्या वर्गातून बाहेर पडलेला मुलगा पुढे टँकरचा चालक होईल, कारखान्यातील वेल्डर होईल किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य होईल. आणि यांपैकी काहीही झाला, तरी कोठे थांबायचे ते त्याला माहीत असेल.